इंग्लंडमधील भाडे-डिपॉझिट संरक्षण सेवा : एका भाडेकरूचा सविस्तर अभिप्राय

भाड्याचे घर सोडल्यानंतर डिपॉझिटवरून जो वाद होतो, त्यात खरे कोण बोलतो यापेक्षा पैसे कोणाच्या हातात आहेत यालाच अधिक महत्त्व असते. पैसे घरमालकाच्या खात्यात असले, की त्याला काही सिद्ध करावे लागत नाही. तो नुसता गप्प बसला तरी त्याचे काम होते. भाडेकरू मात्र फोन करतो, मेल पाठवतो, नव्या घराचे भाडे आणि जुन्या घराचा पाठपुरावा असे दोन्ही सांभाळून दमतो आणि अखेर निम्म्या रकमेवर पाणी सोडतो. इंग्लंडमध्ये रेडिंग येथे आम्ही नवरा-बायको तीन वर्षे ज्या फ्लॅटमध्ये राहिलो, तो सोडताना आमच्यावरही ही वेळ आली होती. पण आमचे डिपॉझिट घरमालकाच्या हातात नव्हते, आणि त्यामुळे सगळे प्रकरण वेगळ्या वळणाने गेले. त्या सेवेचा अनुभव, तिच्या जमेच्या बाजू आणि तिच्यात मला जाणवलेल्या उणिवा, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे नोंदवीत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून खासगी घरमालकाने भाडेकरूकडून घेतलेले डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवणे बंधनकारक आहे. हा नियम २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातून आला. आज इंग्लंडमध्ये अशा तीन मान्यताप्राप्त संस्था आहेत : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. डिपॉझिट मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत घरमालकाने ते यांपैकी एका संस्थेकडे नोंदवावे आणि त्याच मुदतीत भाडेकरूला ठरावीक माहिती लेखी द्यावी, अशी अट आहे. रक्कम किती, कोणत्या संस्थेकडे, कोणत्या कारणासाठी कापली जाऊ शकते, वाद झाल्यास काय करायचे, हे सगळे त्या कागदावर असावे लागते. सुरुवातीला ही मुदत चौदा दिवसांची होती. २०१२ मध्ये ती वाढवून तीस केली गेली.

डिपॉझिट किती घ्यावे यालाही १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये मर्यादा आहे. वर्षाचे भाडे पन्नास हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचे भाडे, आणि तेवढे किंवा त्याहून अधिक असेल तर सहा आठवड्यांचे. आमचे भाडे महिना १,२५० पौंड होते, म्हणजे वर्षाला १५,०००. त्याला बावन्नने भागून पाचने गुणले की १,४४२ पौंड आणि ३० पेन्स येतात, आणि आमच्याकडून नेमके तेवढेच घेतले गेले. एजंटने सांगितलेला आकडा तपासून पाहण्याचा हा हिशेब प्रत्येकाने सही करण्यापूर्वी एकदा करावा. ‘पाच आठवडे’ म्हणजे सव्वा महिना असे ढोबळ धरून आकडा वर नेला जातो, आणि फरक शंभर पौंडांपेक्षा अधिक पडतो.

या संस्थांच्या सेवेचे दोन प्रकार आहेत आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पहिल्या प्रकारात घरमालक पूर्ण रक्कम संस्थेच्या ताब्यात देतो. संस्था ती भाडेकरार संपेपर्यंत सांभाळते आणि त्यासाठी दोघांपैकी कोणाकडूनही शुल्क घेत नाही. दुसऱ्या प्रकारात रक्कम घरमालकाकडे किंवा एजंटकडेच राहते. तो संस्थेला शुल्क भरतो आणि संस्था त्या रकमेची हमी घेते. वाद झाला तर वादातील रक्कम त्याने संस्थेकडे जमा करायची असते, आणि त्याने ती केली नाही तरी भाडेकरूच्या वाट्याला येणारे पैसे संस्था स्वतःच्या विम्यातून देते. कागदावर दोन्ही प्रकार सारखेच सुरक्षित आहेत. प्रत्यक्षात मात्र फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात वाद दाखल करण्याचे पहिले पाऊल भाडेकरूलाच उचलावे लागते, तेही घर सोडल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत. आणि घरमालक ‘बघतो, कळवतो’ असे म्हणत तो काळ सहज काढू शकतो. पहिल्या प्रकारात घरमालकाच्या गप्प बसण्याने त्याला काहीच मिळत नाही, कारण गप्प बसल्याने पैसे त्याच्याकडे येत नाहीत. प्रकार निवडण्याचा अधिकार घरमालकाचा आहे, भाडेकरूचा नाही. ही मला या व्यवस्थेतील सर्वांत मोठी त्रुटी वाटते. स्कॉटलंडने २०१२ मध्ये स्वतःची व्यवस्था सुरू केली तेव्हा रक्कम संस्थेकडेच ठेवण्याचा मार्ग धरला, आणि तोच योग्य होता.

आमच्या घरमालकाने पहिला प्रकार निवडला होता, हे आमचे भाग्य. करार झाल्यावर एकविसाव्या दिवशी आम्हाला संस्थेकडून मेल आला, त्यात रक्कम, घराचा पत्ता आणि आमची दोघांची नावे होती. आपले डिपॉझिट नोंदवले आहे की नाही, हे संस्थांच्या संकेतस्थळांवर आडनाव, पोस्टकोड, करार सुरू झाल्याची तारीख अशी थोडी माहिती भरून कोणालाही पाहता येते. तेव्हा घरमालकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहण्याचे कारण नाही.

घर ताब्यात घेताना एजंटने चौतीस पानांचा तपासणी अहवाल दिला होता. प्रत्येक खोलीची स्थिती त्यात नोंदवलेली होती आणि आठवड्याभरात काही हरकत असल्यास कळवा, असे खाली लिहिले होते. त्या आठवड्यात आम्ही पेट्या उघडत होतो, नव्या कामावर रुजू होत होतो, आणि तरीही माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी तो अहवाल हातात धरून प्रत्येक खोलीत फिरून पाहिले. हॉलच्या भिंतीवर सोफ्याच्या उंचीला काळपट रेघ होती, ती अहवालात नव्हती. बेडरूमच्या खिडकीखाली रंगाचे पोपडे होते, तेही नव्हते. त्यांचे फोटो काढून त्याने एजंटला मेल केला. कार्पेटविषयी अहवालात एकच ओळ होती : वापरलेले, सुमारे तीन वर्षे जुने, दाराजवळ फिकट. त्या वेळी त्या ओळीकडे आमचे लक्षही गेले नव्हते. तीन वर्षांनी तीच ओळ आमच्या तीनशे साठ पौंडांची ठरली.

आमच्या हातून एक नुकसान खरोखर झाले होते, ते येथे सांगितलेच पाहिजे. घाईत कपड्यांना इस्त्री करताना ती स्टँडवरून घसरली आणि हॉलच्या कार्पेटवर तिच्या टोकाचा तपकिरी त्रिकोण उमटला. तळहाताएवढा डाग होता तो, धागे वितळून कडक झाले होते आणि बोट फिरवले की खरखरीत लागत असे. घर सोडण्याआधी आम्ही स्वतःच एजंटला त्याबद्दल लिहिले आणि भरपाई देण्याची तयारी दाखवली.

घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या संकेतस्थळावर रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज केला. बारा दिवसांनी घरमालकाचे उत्तर आले. संपूर्ण हॉलच्या नव्या कार्पेटचे ४८० पौंड, हॉल आणि बेडरूम रंगवण्याचे ३५० आणि व्यावसायिक सफाईचे २२०, अशी १,०५० पौंडांची कपात त्याने मागितली होती. सफाईसाठी त्याने करारातील एका कलमाचा दाखला दिला होता, ज्यात घर सोडताना व्यावसायिक कंपनीकडूनच सफाई करून घ्यावी असे लिहिले होते. असे कलम इंग्लंडमध्ये २०१९ पासून भाडेकरूवर लादता येत नाही. घर जितके स्वच्छ मिळाले तितके स्वच्छ परत करणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे. ते त्याने स्वतः पुसून केले की कंपनीला बोलावून केले, हा त्याचा प्रश्न. आम्ही दोन दिवस घासून-पुसून घर स्वच्छ केले होते, आणि त्यानंतर ते २२० पौंड वाचताना मला फार वाईट वाटले होते.

वाद नसलेले ३९२ पौंड आणि ३० पेन्स पाच दिवसांत आमच्या खात्यात आले. दोघांची सहमती झालेली रक्कम दहा दिवसांत देण्याचे बंधन कायद्यानेच आहे, आणि वादाच्या रकमेसाठी उरलेली रक्कम अडकवून ठेवता येत नाही, ही या सेवेची बाजू मला फार मोलाची वाटली. नव्या घराचे डिपॉझिट आणि पहिले भाडे भरून झालेल्या कुटुंबाला त्या वेळी तीन-चारशे पौंडही मोठे असतात.

उरलेल्या १,०५० पौंडांसाठी आम्ही संस्थेच्या वादनिवारण सेवेचा मार्ग स्वीकारला. ही सेवा निःशुल्क आहे. मात्र दोघांचीही तिला संमती लागते, आणि घरमालकाने नकार दिला तर न्यायालयाशिवाय गत्यंतर नसते. आमच्या घरमालकाने संमती दिली. येथे सुनावणी होत नाही, निवाडा करणारा माणूस घर पाहायला येत नाही, कोणाशी फोनवर बोलत नाही. दोन्ही बाजूंनी दिलेले कागद आणि फोटो यांवरूनच तो ठरवतो. पुरावे देण्याची मुदत संपल्यानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत निकाल अपेक्षित असतो, आमचा सव्विसाव्या दिवशी आला.

या निवाड्यामागची भूमिका मला सर्वाधिक आवडली. डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे आहेत, असे धरूनच प्रकरण सुरू होते. आपल्याला त्यातून काही मिळावे असे ज्याला वाटते, त्याने म्हणजे घरमालकाने ते पुराव्यानिशी दाखवायचे. भाडेकरूने आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा तपासणी अहवाल, तारीख असलेले फोटो, करार आणि खर्चाची बिले यांतून घरमालकाची मागणी उभी राहिली पाहिजे. ती उभी राहिली नाही, तर पैसे भाडेकरूला मिळतात.

निकालपत्र सात पानांचे होते आणि अतिशय साध्या भाषेत लिहिलेले होते. रंगकामाची मागणी पूर्ण फेटाळली होती. हॉलच्या भिंतीवरची रेघ आम्ही पहिल्याच आठवड्यात फोटोसह कळवली होती, आणि बाकीच्या खुणा तीन वर्षांच्या सामान्य राहण्याने पडणाऱ्या आहेत, असे त्यात म्हटले होते. भाडेकरूच्या वाजवी वापराने आणि काळाच्या ओघात आपोआप होणारी झीज ही घरमालकाने सोसायची असते, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात जुने आहे. घरात माणसे राहणार म्हणजे भिंतीला हात लागणारच, आणि त्यासाठीच तर भाडे घेतलेले असते.

कार्पेटबद्दलचा हिशेब मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तो डोळे उघडणारा होता. त्या प्रतीचे कार्पेट साधारण आठ वर्षे टिकते असे निवाडा करणाऱ्याने धरले होते. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते तीन वर्षांचे होते, हे एजंटच्याच अहवालात लिहिलेले होते. आम्ही तीन वर्षे राहिलो. म्हणजे सहा वर्षे उलटून गेली होती आणि दोन शिल्लक होती. डाग आमच्यामुळे पडला हे मान्य, पण आम्ही घरमालकाचे जे बुडवले ते नवे कार्पेट नव्हे, तर जुन्या कार्पेटची उरलेली दोन वर्षे. म्हणून ४८० पौंडांच्या आठ भागांपैकी दोन भाग, म्हणजे १२० पौंड. जुन्या वस्तूच्या बदल्यात भाडेकरूच्या पैशाने नवी कोरी वस्तू घरमालकाच्या पदरात पडू नये, हा त्यामागचा विचार. यापूर्वी ‘नुकसान केले आहे तर पूर्ण भरा’ असे कोणी म्हटले असते, तर मी खाली मान घालून भरले असते.

सफाईसाठी ६० पौंड कापले गेले, आणि तेही न्याय्यच होते. ओव्हनच्या दाराच्या दोन काचांच्या मध्ये साचलेला तुपकट थर आमच्या लक्षात आला नव्हता. एजंटच्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता आणि सुरुवातीच्या फोटोत काच स्वच्छ होती. डिपॉझिटच्या वादांत सफाईचा मुद्दा सर्वांत वरचा असतो, असे या संस्था सांगत आल्या आहेत. ओव्हन, एक्झॉस्ट पंख्याची जाळी, बाथरूमच्या फरशांमधल्या सांधी आणि वॉशिंग मशीनचा साबणाचा कप्पा, एवढ्या चार जागांवर शेवटच्या दिवशी एक तास अधिक घालवावा.

म्हणजे घरमालकाला १८० पौंड मिळाले आणि आमचे ८७० पौंड परत आले. आधीचे धरून १,२६२ पौंड ३० पेन्स. घर सोडल्यापासून यात जवळजवळ अकरा आठवडे गेले. तो काळ थोडा नाही. ज्याच्याकडे साठवलेले काही नाही, त्याला तो परवडणारा नाही, आणि नेमका अशाच माणसाला ‘अर्ध्यावर मिटवू’ हा प्रस्ताव स्वीकारण्याचा मोह होतो. पुरावे देण्याच्या मुदती आणखी आवळल्या, तर हा काळ बराच कमी होईल.

दुसरी अडचण आम्हाला संयुक्त करारामुळे आली. करारावर दोघांची नावे असली तरी संस्था एका व्यक्तीला मुख्य भाडेकरू धरते आणि व्यवहार तिच्यामार्फत होतो. आमच्यात माझा नवरा मुख्य होता. तो कामानिमित्त दोन आठवडे परगावी असताना महत्त्वाचे मेल त्याच्याकडेच जात राहिले आणि पुरावे देण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मला ते कळले. आम्ही नवरा-बायको असल्याने निभावले. चार विद्यार्थी मिळून घर घेतात, त्यातील मुख्य भाडेकरू आधीच दुसऱ्या शहरात निघून गेलेला असतो, आणि बाकीच्यांचे पैसे त्याच्या उत्तरावर अडतात, तेव्हा परिस्थिती किती बिकट होत असेल याची कल्पना येते. मुख्य भाडेकरू कोण हे पहिल्याच दिवशी विचारून ठरवावे, आणि सर्वांत शेवटपर्यंत संपर्कात राहील अशा व्यक्तीचे नाव द्यावे.

घरमालक अजिबात उत्तरच देत नसेल, तर रक्कम संस्थेकडे असलेल्या प्रकारात भाडेकरूला अधिकृत व्यक्तीसमोर शपथपत्र करून एकतर्फी मागणी करता येते. ती सोय चांगली आहे.

ही सेवा सर्वांना लागू नाही, हे मात्र ठळकपणे सांगितले पाहिजे, कारण नव्याने आलेल्या मुलांची फसगत येथेच होते. घरमालक स्वतः राहतो त्याच घरात एक खोली भाड्याने घेतली, तर त्या डिपॉझिटला हे संरक्षण नसते. विद्यापीठाच्या वसतिगृहांचेही तसेच. पहिले सहा महिने स्वस्तात काढावेत म्हणून अनेक जण अशीच खोली घेतात आणि रोख रक्कम हातात ठेवून मोकळे होतात. अशा ठिकाणी पावती, बँकेतून दिलेले पैसे आणि स्वतः काढलेले फोटो, एवढाच आधार राहतो. काही एजंट अलीकडे डिपॉझिटऐवजी साधारण एका आठवड्याच्या भाड्याइतके शुल्क घेऊन ‘डिपॉझिट नको’ अशी योजना पुढे करतात. ते शुल्क कधीच परत मिळत नाही आणि नुकसानीची जबाबदारी तरीही भाडेकरूवर राहतेच. त्यामुळे ज्याच्याकडे पाच आठवड्यांच्या भाड्याची सोय आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरमालकाला तिची सक्ती करता येत नाही.

घरमालकाने डिपॉझिट नोंदवलेच नाही किंवा उशिरा नोंदवले, तर न्यायालय त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला देण्याचा आदेश देते. तरतूद कडक आहे, पण ती अमलात आणण्याचे काम या संस्था करीत नाहीत. भाडेकरूनेच काउंटी कोर्टात एन-२०८ क्रमांकाचा अर्ज भरून दावा लावायचा असतो आणि त्याची फी आधी भरायची असते. दाव्यासाठी सहा वर्षांची मुदत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. घर सोडून दोन वर्षे झाली म्हणून हक्क गेला असे समजू नये. शेल्टर आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था अशा वेळी विनामूल्य सल्ला देतात. तरीही, ज्याचे डिपॉझिट नोंदवलेलेच नाही तो सर्वांत असुरक्षित भाडेकरू, आणि त्यालाच सर्वांत अवघड वाटेने जावे लागते, याची मला खंत वाटते.

एवढे असूनही, रक्कम संस्थेच्या ताब्यात असलेल्या प्रकाराला मी पाचापैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण वेळेसाठी आणि मुख्य भाडेकरूच्या पद्धतीसाठी कापला. हमीच्या प्रकाराला तीनच. आमच्या सध्याच्या घराचा मालक नेमका तो दुसरा प्रकार वापरतो. तेव्हा मी डिपॉझिट दिल्यापासून विसाव्या दिवशी संकेतस्थळावर नोंद तपासली, तिच्यात पोस्टकोडचे शेवटचे अक्षर चुकलेले दिसले, ते एजंटकडून दुरुस्त करून घेतले, प्रमाणपत्राची प्रत दोघांच्याही मेलमध्ये ठेवली आणि या वेळी मुख्य भाडेकरू म्हणून माझे नाव लावून घेतले. तपासणी अहवालात कार्पेटचे वय लिहिलेले नव्हते. ते विचारून, लेखी उत्तर आल्यानंतरच मी त्यावर सही केली.